हिचे मामा आणि भोपळ्याचा फिल्टर

आमच्या हिच्या मामांइतका संताप आणणारा परोपकारी माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर मामांनी त्याला एव्हाना उघडून पाहिलं असेल. मी हे रागाने लिहितोय, तेही आधीच सांगून टाकतो. नातेवाइकांबद्दल लिहायला बसलं की लोकांचा गळा दाटून येतो म्हणे. माझा रक्तदाब वाढतो. साधा पाहुणा घरी आला की भिंतीवरचे फोटो बघतो, पाणी पितो, उकाड्याबद्दल बोलतो. मामा दारात चपला काढता काढता कान टवकारतात आणि म्हणतात, "जावईबापू, तुमचा फ्रिज कण्हतोय." मग चहा उकळायच्या आत फ्रिज भिंतीपासून दोन हात पुढे आलेला असतो, त्याच्यामागची जळमटं चारचौघांत आलेली असतात, माझी बायको "मामा, राहू दे ना रे" म्हणत केरसुणी शोधत असते, आणि त्या फ्रिजचा मालक म्हणून समाजात वावरणारा मी बॅटरी धरून उभा असतो. बॅटरी नीट धरली नाही म्हणून बोलणीही खातो.

मामा राहायचे टिटवाळ्याला. नोकरी झाली अंबरनाथच्या एका कारखान्यात, मशिनांच्या देखभालीवर. कारखाना बंद होऊन जमाना झाला, पण मामांची ड्यूटी काही सुटली नाही. खांद्याला कायम एक कापडी पिशवी. कुठल्याशा साडीच्या दुकानाची, तिच्यावर छापलेली नवरी आता धुऊन धुऊन नथीपुरती उरली आहे. आत पक्कड, टेस्टर, दोन पान्हे, जुना टूथब्रश, खोबरेल तेलाची बाटली आणि सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. एवढ्या सामानावर मामा विमानसुद्धा उघडतील, कुणी त्यांना विमानाजवळ जाऊ देत नाही म्हणून बरं. कारखान्याची एक शिस्त त्यांच्या हाडात मुरली आहे. हत्यार वापरून झालं की त्याच क्षणी पिशवीत. न बघता, सवयीने. "हत्यार इकडेतिकडे टाकणारा माणूस एक दिवस बोट टाकून येतो," असं ते सांगतात, आणि नेमकं मी माझा चष्मा शोधत असतो तेव्हा सांगतात.

त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू चालत नाही असं नाही, तेच तर दुखणं आहे. ती चालते, आणि मग टाकूनही देता येत नाही. आमचा मिक्सर गेली कित्येक वर्षं झाकणावर कोपर दाबून धरलं तरच फिरतो. इस्त्रीच्या प्लगखाली पुस्तक सरकवून तो तिरका करावा लागतो. दाराची बेल पूर्वी पाखरासारखी वाजायची, ती मामांच्या हातून गेल्यापासून कुणाचा तरी गळा दाबल्यासारखी ओरडते आणि समोरच्या घरातले आजोबा दर वेळी दचकून दार उघडतात. एकदा धीर करून मी नवीन बेल आणली, तर मामा कितीतरी दिवस आमच्याकडे जेवले नाहीत. चहा घ्यायचे, पण ताटावर बसायचे नाहीत. "वस्तू बंद पडते हा तिचा दोष नाही, जावईबापू. टाकून देतो हा माणसाचा दोष," हे त्यांनी मला जुनी बेल हातात धरून ऐकवलं. शेवटी नवीन बेल मी कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिली. ती अजून तिथेच आहे.

आता भोपळ्याबद्दल. भोपळा म्हणजे आमच्या लेकीचा मासा. नारिंगी, पोट सुटलेला, चेहऱ्यावर कायम कसली तरी तक्रार असलेला गोल्डफिश. लेक पुण्याला नोकरीला गेली तेव्हा हॉलमधली काचेची छोटी टाकी, टाकीतला फिल्टर आणि भोपळा एवढं माझ्या स्वाधीन करून गेली. जाताना घर, आई, माझी तब्येत यांपैकी कशाबद्दल अवाक्षर नाही. "बाबा, बाकी काही विसरलास तरी चालेल, फिल्टर बंद पडू देऊ नकोस," एवढंच. नव्या गावात तिचं सुरुवातीला अजिबात मन लागत नव्हतं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करायची आणि आमच्याशी दोन शब्द बोलायची, तेही घसा खाकरून, म्हणजे आधी रडून झालेलं असणार. मग म्हणायची, "भोपळ्याला दाखव." मी फोन टाकीसमोर धरायचो, भोपळा काचेपाशी येऊन तोंडाची उघडझाप करायचा आणि पोरगी हसायची. दिवसभरात बहुधा तेवढंच. त्यामुळे त्या माशाला काही होऊन चालणार नव्हतं. हे घरात सगळ्यांना कळत होतं, एक मामा सोडून. ते आले की आपल्या ताटातलं जे असेल त्यातला घास त्यालाही टाकायचे. मी ओरडायचो. "अहो, घरातला जीव आहे, त्याला वेगळा डबा कशाला?" असं म्हणून ते आणखी एक घास टाकायचे.

आणि एका शुक्रवारी सकाळी फिल्टर बंद पडला. एक आचका दिला आणि गप्प झाला. शुक्रवारी आमच्या भागात पाणी नसतं, हे डोंबिवलीतल्या फिल्टरलासुद्धा बरोब्बर ठाऊक असतं. टाकीतलं पाणी बदलावं तर घरात स्वयंपाकघरातल्या एका पिंपापलीकडे थेंब नाही, आणि त्या पिंपावर हिचा पहारा. दुपार होईतो भोपळा वर येऊन पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकायला लागला. मी चपला घातल्या. नवीन फिल्टर आणायचा, लावायचा, विषय संपवायचा, असा साधासुधा शहाण्या माणसाचा विचार. दार उघडलं तर समोर मामा. माझ्या बायकोने, माझ्या लग्नाच्या बायकोने, मला न विचारता सकाळीच टिटवाळ्याला फोन लावला होता.

"कुठे निघालात?" मामांनी विचारलं.

"नवीन फिल्टर आणायला. जुना गेला."

"गेला? कोण म्हणालं गेला म्हणून? उघडून बघितलात?"

"नाही, पण..."

"मग न बघता कुणाच्या मयताला निघालात? या आत."

मी माझ्याच घरात त्यांच्या मागोमाग आत आलो. मामांनी प्लग काढला, मुठीएवढा तो फिल्टर पाण्यातून बाहेर घेतला आणि आधी त्याचा वास घेतला. "जळका वास नाही. म्हणजे जिवंत आहे," त्यांनी निकाल दिला. मग वर्तमानपत्र अंथरलं आणि फिल्टर चारी बाजूंनी फिरवून बघितला, आणि त्यांचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला. "स्क्रू कुठाय? पोरी, बघ गं, स्क्रूच नाही याला! नुसता खटका दाबून बसवलाय. ज्या वस्तूला स्क्रू नाही ना, ती बनवणाऱ्याच्या मनात पाप असतं. उघडूच नये म्हणून करतात हे." एवढं बोलून त्यांनी पक्कड काढली, पुढचं झाकण चिमटीत धरून टकदिशी उपटलं आणि शिस्तीप्रमाणे पक्कड न बघता पिशवीत टाकली. मग एक डोळा मिटून त्यांनी आत पाहिलं. बॅटरी मागितली. पुन्हा पाहिलं.

"आत काही नाही," मामा म्हणाले.

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. फिरणारी वस्तूच नाही. रिकामी डबी विकली तुम्हाला!"

"अहो, इतके दिवस चालत होता तो!"

"चालत होता की नुसता आवाज करत होता?"

आणि मला क्षणभर शंका आली. त्यांच्या बोलण्यापेक्षा मला या शंकेचीच जास्त चीड आहे. एक शिकलासवरलेला माणूस, इतके दिवस त्या फिल्टरमधून वाहणारं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला, क्षणभर का होईना, आपण रिकाम्या डबीला वीज पाजत होतो असं मानायला तयार झाला. हा मामांचा प्रभाव.

त्यानंतर "जाब विचारायला" ते मला घेऊन दुकानात गेले. दुपारची वेळ, बाकीची दुकानं बंद, माशांचं हे एकच दुकान तेवढं उघडं. दुकानदाराने फिल्टर हातात घेतला आणि म्हणाला, "काका, याच्यात मॅग्नेटचा छोटा पंखा असतो. तो कुठंय?"

"तेच विचारायला आलोय मी. कुठंय?"

"तुम्ही खोलताना पाडला असणार ना."

"मी पाडला?" मामांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "अरे, आख्खी हयात मशिनं खोलली मी, एक वायसर हरवला नाही! तुझा नवीन दाखव."

नवीन खोका समोर आला मात्र, दुकानदार "ओ काका, खोलू नका, खोलू नका" म्हणेपर्यंत मामांनी टेस्टर घालून झाकण उडवलंसुद्धा. आत बोटाच्या पेराएवढा काळा चुंबक, त्याच्या डोक्यावर इवलाली काळी पाती. "हा बघा! याच्यात आहे," मामा मला म्हणाले, आणि मग त्याला, "म्हणजे आमच्यातला तू काढून घेतलास." मी घाईघाईने म्हटलं की तो उघडलेलाच मला द्या, मी घेतो. पण आता दुकानदाराचंही डोकं फिरलं होतं. "तुम्हाला नाय विकणार. जावा तुम्ही. उद्या हापण घेऊन याल, बोलाल रिकामा आहे." गरजू गिऱ्हाइकाला दुकानातून हाकलून देण्याची वेळ एका दुकानदारावर आणणारा हा माणूस माझ्या सासरचा आहे. येताना रस्ताभर मी एक शब्द बोललो नाही. मामा बोलत होते.

घरी आलो तर ही टाकीजवळ रडवेली होऊन उभी. भोपळा एका अंगावर कलला होता. मग मात्र मी बोललो. मनात साठलेलं सगळं बोललो. मिक्सर काढला, इस्त्री काढली, बेल काढली. म्हटलं, "मामा, तुम्हाला वस्तू वाचवायच्या असतात, पण त्या वस्तूवर एक जीव अवलंबून आहे आणि त्या जिवावर माझी पोरगी. संध्याकाळी तिचा फोन येईल. काय दाखवू तिला?" मामांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन ते एक स्टीलचं फुलपात्र घेऊन आले, टाकीशेजारी स्टूल ओढून बसले, टाकीतलंच पाणी फुलपात्रात घेतलं आणि हात उंच करून वरून धार सोडली. पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. "पाण्यात हवा गेली पाहिजे," एवढंच म्हणाले.

किती वेळ ते तसे बसले होते देव जाणे. मी फुलपात्र मागितलं तर देईनात. एक हात दुखला की दुसऱ्या हातात घ्यायचे. अधूनमधून भोपळ्याला दम भरायचे, "नाटकं करू नकोस, सरळ हो." मग बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कारखाना बंद झाला ना जावईबापू, त्याच्या शेवटच्या दिवशी पण मी मशिनला तेल घालून आलेलो. वाटलेलं, कोणतरी घेईल, चालवेल. नंतर भंगारवाले आले. मी बघायला गेलेलो. गॅसने कापलं हो. चालू मशिन होतं ते. बंद पडलेलं नव्हतं." पाण्याची धार तेवढी चालू होती. रागावलेल्या माणसाला असं मध्येच काही सांगणं हाही एक अन्यायच आहे.

भोपळा सरळ झाला होता, पण धापा काही थांबत नव्हत्या, आणि लेकीच्या फोनची वेळ जवळ आली होती. मामांना एक कल्पना सुचली. डब्याच्या तळाला बारीक भोक पाडून तो तारेने टाकीवर टांगायचा, म्हणजे धार आपोआप पडत राहील. तार वळवायला त्यांनी पिशवीत हात घालून पक्कड काढली. पकडीच्या तोंडाला, बरोबर सांध्याजवळ, बोटाच्या पेराएवढं काहीतरी काळं चिकटलं होतं.

दुपारी झाकण उपटताना तो चुंबक बाहेर येऊन पकडीला चिकटला होता आणि पक्कड शिस्तीत पिशवीत गेली होती. त्या पिशवीला खांद्याला लावून हा माणूस गावभर भांडून आला होता. पण गोष्ट इथेच संपली असती तर मी माफ केलं असतं. त्या चुंबकाच्या पात्यांत पांढरट, चिकट असं काहीतरी घट्ट बसलं होतं. मामांनी सवयीने वास घेतला आणि पटकन हात खाली केला. हिने तो त्यांच्या हातातून घेतला, बोटाने चोळून बघितला आणि म्हणाली, "मामा, हा साबुदाणा आहे."

मागच्या संकष्टीला मामा टिटवाळ्याच्या गणपतीचं दर्शन घेऊन आमच्याकडे आले होते. "घरात सगळ्यांचा उपास आणि हा एकटाच रोजचं खातो काय?" असं म्हणून त्यांनी चमचाभर खिचडी टाकीत सोडली होती. मी ओरडलो होतो, हे पुन्हा सांगतो.

"कूट जाड होतं," मामा शेवटी म्हणाले. "दाण्याचं कूट बारीक असतं ना पोरी, तर अडकलं नसतं."

"कोपराने मिक्सर दाबून कूट बारीक होतं का रे मामा?" ही म्हणाली.

मामांनी टूथब्रशने तो चुंबक, ती पाती, आतली भोकं मन लावून घासली. चार थेंब खोबरेल घालायला निघाले होते, ती बाटली मी हिसकावून घेतली. चुंबक जागेवर बसवून, झाकण दाबून फिल्टर पाण्यात सोडला. प्लग लावला. एक क्षण काही नाही, आणि मग ती बारीक घरघर सुरू झाली आणि बुडबुड्यांची माळ वर आली. इतका गोड आवाज मी त्या घरात ऐकला नव्हता. तेवढ्यात फोन वाजलाच. भोपळा जरा रेंगाळत का होईना, काचेपाशी आला.

"बाबा, आज हा दमलेला का वाटतोय?"

"मामाआजोबा आलेत," मी म्हटलं.

"मग बरोबर," असं म्हणून पोरगी खळखळून हसली.

आता मामा टिटवाळ्याला नसतात. मुलाने ठाण्यात, घोडबंदरच्या बाजूला, उंच इमारतीत घर घेतलं आणि त्यांना तिकडे नेलं. मुलगा चांगला आहे, सूनही. पण त्या घरातली प्रत्येक वस्तू वॉरंटीत आहे. काही बिघडलं की मोबाइलवरून तक्रार जाते, टोपीवाला माणूस येतो आणि मामांना म्हणतो, "अंकल, आप बैठिए." मामा बसतात. जाताना पिशवी त्यांनी आमच्याकडे ठेवली. "इथेच राहू दे. तिकडे कोणतरी टाकून देईल," म्हणाले. सुरुवातीला दर चार दिवसांनी त्यांचा फोन यायचा. "काय बंद पडलंय का?" मी सांगायचो, "नाही मामा, सगळं चालू आहे." "बरं," म्हणायचे आणि ठेवायचे. मला वाटायचं, सुटलो.

परवा मात्र त्यांचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, "जावईबापू, तब्येत कशी आहे?" मग म्हणाले, तिकडे हवा चांगली आहे, बाल्कनीतून खाडी दिसते. काय बंद पडलंय हे विचारलंच नाही. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. हयातभर माझ्या फ्रिजच्या पाठीमागे राहिलेला माणूस माझी तब्येत विचारतो म्हणजे काय? मी फोन ठेवला, टाकीचा प्लग काढला, चांगला चालणारा फिल्टर बाहेर घेतला, चुंबक काढून पकडीला चिकटवला आणि पक्कड पिशवीत टाकली. मग पुन्हा फोन लावला. "मामा, फिल्टर बंद पडलाय."

"हात लावू नका!" ते ओरडले. "मी आलो."

ते येईपर्यंत मी स्टूलवर बसून फुलपात्राने धार सोडत होतो. हात भरून येतात, हे मला त्या दिवशी कळलं. दार उघडंच ठेवलं होतं. मामा आले, वाळले होते, जिने चढून दम लागला होता, पण आल्याआल्या म्हणाले, "एक वस्तू सांभाळता येत नाही तुम्हा लोकांना." वर्तमानपत्र अंथरलं. झाकण काढलं. आत बघितलं. मग मान वर करून माझ्या ओल्या हाताकडे बघितलं, फुलपात्राकडे बघितलं, आणि सरळ पिशवीतून पक्कड काढली. चुंबक लख्ख होता. साबुदाण्याचा कण नाही. त्यांनी तो बराच वेळ बोटांत फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही.

मग त्यांनी चुंबक बसवला, फिल्टर सोडला, प्लग लावला आणि काचेला कान लावून ऐकत राहिले. भोपळा त्यांच्या कानापाशी येऊन थांबला.

"चाललाय," मामा म्हणाले. "पण आवाज बरोबर नाही. लक्ष ठेवावं लागेल. दर रविवारी येऊन बघितला पाहिजे."

आवाज अगदी बरोबर होता. "बघितलाच पाहिजे," मी म्हटलं. "फक्त बेल वाजवू नका, आजोबा दचकतात."

"का?" मामांचा चेहरा एकदम उजळला. "बेल बंद पडली?"

मी कपाटाच्या वरच्या फळीकडे एकदा बघितलं.

"हो," मी म्हटलं. "बंदच पडलीय."